तिसऱ्यांतलं हेपॅरिन आणि जुळून आलेल्या तीन चाचण्या

प्रकरण थोडक्यात असं. नाशिकच्या एका महाविद्यालयात एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीने तिसऱ्यांच्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांच्या, मांसातून हेपॅरिनसारखं (हेपॅरिन म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध) सल्फेटयुक्त पॉलिसॅकराइड, म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी, वेगळं काढायचा प्रकल्प घेतला. काही महिन्यांत तिच्या हाती पांढरीशुभ्र पावडर आली, १० ग्रॅम सुक्या मांसामागे जवळजवळ दीड ग्रॅम. कार्बाझोल चाचणीत युरोनिक आम्ल, म्हणजे अशा साखळीतला एक घटक, दिसलं. डीएमएमबी या निळ्या रंगद्रव्यात पावडर घातल्यावर रंग जांभळ्याकडे झुकला, म्हणजे सल्फेट असणार. आणि एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती प्लाझ्मात मिसळून पाहिली तर गोठायला लागणारा वेळ दुपटीच्या वर गेला. तीन चाचण्या, तिन्हींचा होकार. प्रबंधाचं शीर्षक ठरलं, परिषदेसाठी पोस्टर तयार होऊ लागलं. तिच्या मार्गदर्शक सरांनी "एकदा नजर घाला" म्हणून वही पाठवली, तेव्हा हे प्रकरण माझ्याकडे आलं.

पुढे निघालं ते असं: पावडरीत हेपॅरिनसारखं द्रव्य होतं खरं, पण जेमतेम दोन टक्के. आणि तिन्ही चाचण्यांचा होकार त्या दोन टक्क्यांचा नव्हताच. प्रत्येक चाचणीला वेगळ्याच भेसळीने उत्तर दिलं होतं. तीन साक्षीदारांची जबानी जुळते म्हणून खटला उभा राहावा आणि उलटतपासणीत कळावं की तिघांनी तीन वेगळी माणसं पाहिली होती, तसा हा मामला. चुकीची एखादी चाचणी कुठल्याही लॅबमध्ये सापडते. तीन चुकीच्या चाचण्या एकाच सुरात बोलतात तेव्हा मात्र तपासायला बसण्याची बुद्धी सहसा होत नाही, म्हणून हे तपशिलाने लिहिते आहे.

शिंपल्यात हेपॅरिन शोधायचंच कशाला

हेपॅरिन १९१६ साली अमेरिकेत जे मॅक्लीन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या कामातून पुढे आलं, कुत्र्याच्या यकृतातून. आज औषधाचं हेपॅरिन मुख्यतः डुकराच्या आतड्यांच्या अस्तरातून काढतात. एकाच प्राण्यावर बहुतेक भिस्त असल्याने दुसरा स्रोत मिळतो का याची चाचपणी सतत चालू असते. शिंपलावर्गीय प्राण्यांचं नाव त्यात जुनं आहे. १९५० च्या दशकात अमेरिकी किनाऱ्यावरच्या मोठ्या शिंपल्यांतून रक्त गोठू न देणारं द्रव्य काढलं गेलं आणि त्याला 'मॅक्टिन' नाव मिळालं. १९९६ मध्ये आफ्रिकन गोगलगाईतून, म्हणजे पावसाळ्यात आपल्याकडे शेतांचा फडशा पाडणाऱ्या त्याच राक्षसी गोगलगाईतून, अकॅरन सल्फेट नावाचं अगदी वेगळ्या घडणीचं पॉलिसॅकराइड सापडलं. भारतात तामिळनाडूत पारंगीपेट्टई इथल्या अण्णामलाई विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्र केंद्रातून शिंपल्यांवर असं काम झालेलं आहे. तेव्हा विषय हवेतला नव्हता. तिसऱ्यांत असं काही सापडणं शक्य कोटीतलं होतं, आणि गोची तिथेच होती. जे सापडायला हवं ते सापडलं की माणूस प्रश्न विचारायचं थांबतो.

या कुटुंबातल्या द्रव्यांना ग्लायकोसअमिनोग्लायकॅन म्हणतात, लॅबमध्ये 'गॅग'. हेपॅरिन, हेपॅरान सल्फेट, कॉन्ड्रॉइटिन सल्फेट, डर्माटन सल्फेट हे सगळे सख्खे-चुलत. रचना साधारण एकच: युरोनिक आम्ल आणि अमिनो-साखर यांची जोडी पुन्हा पुन्हा गुंफलेली, वर ठिकठिकाणी सल्फेट. त्यामुळे साखळीवर भरपूर ऋण विद्युतभार. हेपॅरिनमध्ये तो सर्वांत जास्त; एका जोडीमागे सरासरी अडीचच्या पुढे सल्फेट गट.

माल

नाशिकला समुद्र नाही. तिसऱ्या येतात त्या मुंबईकडून, बर्फाच्या खोक्यांतून, कसारा घाट चढून. विद्यार्थिनीने त्या नेहमीच्या मासळीवालीकडून घेतल्या आणि विकत घेतानाची अक्कल तिला घरातूनच होती: उघड्या तोंडाची तिसरी टिचकी मारून मिटली नाही तर घ्यायची नाही. बायोकेमिस्ट्रीतही नियम तोच. मेलेल्या शिंपल्यातली स्वतःचीच एन्झाइम्स पेशी पचवायला लागतात, आणि लांब साखळ्या तुटायला फार वेळ लागत नाही.

आणखी एक गोष्ट तिने केली आणि ती पुढे कामी आली. मांस काढल्यावर शिंपा फेकल्या नाहीत. बाजारात 'तिसऱ्या' या एका नावाखाली दोन-तीन निरनिराळ्या जाती एकाच टोपलीत येतात, आणि गॅगची घडण जातीप्रमाणे बदलू शकते. शिंपा असतील तर जात नंतर पक्की करता येते. शिंपा नसतील तर प्रबंधात नुसतं 'मेरेट्रिक्स' हे शिंपल्यांच्या गटाचं नाव लिहून मोकळं होण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि तसे प्रबंध मी पाहिलेले आहेत.

वाळू सोडण्यासाठी रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून, मग उघडून, मांस अॅसिटोनमध्ये धुऊन चरबी काढली आणि सुकवून पूड केली. इथवर काहीच बिनसलेलं नाही.

पद्धत

गॅगच्या साखळ्या प्रथिनाच्या कण्याला चिकटलेल्या असतात. आधी प्रथिन पचवावं लागतं. त्यासाठी पपेन वापरतात, कच्च्या पपईच्या चिकातलं एन्झाइम; सोडियम अॅसिटेट बफर, पीएच ५.५ च्या आसपास, ६० अंश, चोवीस तास. पपेनचा कार्यकारी भाग म्हणजे त्यातला सिस्टीनचा गंधक. तो ऑक्सिडाइझ होऊ नये म्हणून बफरमध्ये सिस्टीन घालतात, आणि जड धातूंनी तो निकामी होऊ नये म्हणून धातू पकडून ठेवणारं ईडीटीए. ही दोन नावं लक्षात असू द्या, विशेषतः दुसरं.

पचवलेलं द्रावण गाळून घेतलं. ते बरंच होतं, आणि त्याच्या तिप्पट अल्कोहोल घालायचं तर लॅबमधलं अल्कोहोल पुरलं नसतं. म्हणून आधी वॉटरबाथवर आटवून ते थोडंसं केलं, मग अल्कोहोल घातलं, रात्रभर थंडीत ठेवलं, सकाळी सेंट्रिफ्यूज. खाली दाट पांढरा साका बसलेला. तो धुतला, सुकवला. दीड ग्रॅम.

डायलिसिस, म्हणजे बारीक छिद्रांच्या पटलाच्या नळीत द्रावण भरून त्यातले छोटे रेणू बाहेर पाण्यात जाऊ देणं, झालं नव्हतं. नळ्यांची ऑर्डर दिलेली होती, त्या आल्या नव्हत्या. ज्या जुन्या शोधनिबंधाच्या आधारे काम चाललं होतं त्याच्या पद्धतीत डायलिसिस एका ओळीत उरकलेलं होतं, त्यामुळे ते पुढे ढकललं तर चालेल असं सगळ्यांनी धरलं.

वहीत आधीच होतं ते

मी कुठल्याही यंत्राकडे जायच्या आधी वहीतलेच आकडे एकमेकांशेजारी ठेवले. फिनॉल-सल्फ्युरिक आम्ल चाचणीने, जी १९५६ पासून प्रत्येक साखर-लॅबची रोजची भाकरी आहे, एकूण साखर पावडरीच्या वजनाच्या सुमारे ८५ टक्के दाखवली होती. कार्बाझोलने युरोनिक आम्ल दाखवलं होतं ६ टक्के.

आता हिशेब करा. हेपॅरिनसारख्या द्रव्याच्या वजनात युरोनिक आम्लाचा वाटा साधारण एक तृतीयांश असतो. ६ टक्के युरोनिक म्हणजे, आकडा अगदी खरा धरला तरी, पावडरीतलं गॅग पाचव्या हिश्श्याच्या पुढे जात नाही. मग बाकीचं काय? ८५ टक्के साखर आहे, ती कुणाची? शिवाय खऱ्या गॅगमध्ये फिनॉल-सल्फ्युरिकचा आकडा इतका वर जातच नाही, कारण अमिनो-साखर त्या चाचणीत जवळजवळ गप्प बसते. दोन्ही आकडे तिच्याच अक्षरात, समोरासमोरच्या पानांवर होते. डाव्या पानावर 'एकूण साखर उत्तम', उजव्या पानावर 'युरोनिक आम्ल उपस्थित'. भागाकार मात्र कुठेच नव्हता.

तिला मी पावडर पाण्यात विरघळवून टेस्टट्यूब काळ्या कागदापुढे धरायला सांगितली. द्रावण दुधाळ, किंचित निळसर झाक मारणारं.

"मॅडम, नीट विरघळलं नसेल. परत गरम करून बघू?"

विरघळलं होतं. गॅगचं द्रावण पाण्यासारखं नितळ असतं. ही दुधाळी वेगळ्या घराण्याची खूण आहे.

पहिली भेसळ: ग्लायकोजेन

शिंपला आपली ऊर्जा चरबीपेक्षा ग्लायकोजेनच्या रूपात साठवतो. क्लोद बर्नार यांनी १८५७ मध्ये यकृतातून वेगळं काढलेलं हेच ते द्रव्य, ग्लुकोजचं झाडासारखं फांद्याळ पॉलिसॅकराइड. रेणू इतका मोठा की प्रकाश विखुरतो, म्हणून दुधाळी. शिंपल्याच्या सुक्या मांसात ग्लायकोजेनचा वाटा हंगामाप्रमाणे खाली-वर होतो आणि भरात असताना तो पाचव्या हिश्श्याच्याही वर जाऊ शकतो. अंडी-शुक्र तयार करताना तोच खर्ची पडतो. मिटलेल्या शिंपेत, प्राणवायूवाचून, घाट चढून येतानाही प्राणी त्याच्यावरच तगून राहतो. जगभर प्रयोगशाळांत विकलं जाणारं ग्लायकोजेन बरंचसं कालवांपासूनच येतं. डीएनए अल्कोहोलमध्ये खाली बसवताना मदतीला जे ग्लायकोजेन घालतात, तेही कालवाचं किंवा शिंपल्याचं. म्हणजे शिंपल्यावर पपेन चालवून अल्कोहोल घातलं तर जे खाली बसेल ते आधी ग्लायकोजेनच असणार. त्यात नवल काहीच नाही. दीड ग्रॅम हा आकडा पाहून आनंद होण्याऐवजी भुवई उंचावायला हवी होती.

आयोडीनचा थेंब टाकला. स्टार्च असता तर निळा रंग आला असता. इथे आला तांबूस-तपकिरी. ग्लायकोजेनचा रंग.

मग कार्बाझोलने होकार कसा दिला? कार्बाझोल चाचणीत तीव्र सल्फ्युरिक आम्लात युरोनिक आम्लापासून गुलाबी-जांभळा रंग बनतो आणि तो ५३० नॅनोमीटरला मोजतात. डिशे यांची १९४७ ची चाचणी, तिला १९६२ मध्ये बिटर आणि म्यूर यांनी बोरेट घालून सुधारलं. पण साध्या साखरा त्याच आम्लात तपकिरी होतात आणि त्या तपकिरीची शेपटी ५३० पर्यंत पोचते. युरोनिक आम्ल मुबलक आणि साधी साखर किरकोळ असेल तर शेपटीकडे दुर्लक्ष चालतं. इथे प्रमाण उलटं होतं. शंभर भागांत पंचाऐंशी भाग ग्लुकोज असेल तर त्याची क्षीण शेपटीही सहा टक्के युरोनिकचा आव आणू शकते. विद्यार्थिनीने फक्त ५३० चं एकच वाचन घेतलेलं होतं. पूर्ण पट्टा, ४०० ते ६००, काढल्यावर दिसलं की ५३० ला शिखर नाहीच, नुसती उतरती घसरगुंडी आहे. गॅलॅक्ट्युरोनिक किंवा ग्लुक्युरोनिक आम्लाचं स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचा ओळखीचा नमुना, शेजारी असतं तर डोळ्यांनाही कळलं असतं: एक नळी गुलाबी, एक चहाच्या रंगाची.

दुसरी भेसळ: आरएनए

डीएमएमबीचा मामला लवकर निकालात निघाला. या रंगद्रव्याचे रेणू ऋणभारित लांब साखळीवर रांगेने बसले की निळ्याचा जांभळा होतो. साखळीवर ऋणभार सल्फेटचा आहे की फॉस्फेटचा, याची त्याला फारशी पर्वा नसते. डीएनए-आरएनए म्हणजे फॉस्फेटच्याच माळा, आणि तिसरीच्या मऊ गोळ्यात प्रजननग्रंथीचा भाग भरपूर असतो. अल्कोहोलमध्ये न्यूक्लिक आम्लं ग्लायकोजेनबरोबर बिनबोभाट खाली बसतात; किंबहुना ग्लायकोजेन त्यांना हात धरून खाली आणतं, वर सांगितलंच.

पावडरीचा अतिनील पट्टा काढला तेव्हा २६० नॅनोमीटरला व्यवस्थित टेकडी. गॅगला तिथे काहीच नसतं. डीएमएमबीचा पीएच ३ च्या आसपास ठेवण्याऐवजी १.५ पर्यंत खाली आणला की फॉस्फेटची लुडबुड पुष्कळ कमी होते. तसं केल्यावर जांभळा रंग जवळजवळ ओसरला. थोडा उरला. तो 'थोडा' महत्त्वाचा होता, पण त्या दिवशी विद्यार्थिनीला तो दिसला नाही. तिला ओसरलेलाच दिसला.

तिसरी भेसळ: बफरमधली

खरी रंगत इथे आहे.

ग्लायकोजेन रक्त गोठणं थांबवत नाही. पावडरीतल्या आरएनएवर गोठण्याचा वेळ दुपटीवर जाण्याचं खापर फोडणंही पटणारं नव्हतं. मग दोन शक्यता उरतात: एक तर खरंच हेपॅरिनसारखं काही आहे, नाहीतर आणखी कुणी तरी आहे. विद्यार्थिनीची सगळी आशा या चाचणीवर होती, आणि ते साहजिक होतं. "रंग फसवतील मॅडम, पण प्लाझ्मा कसा फसवेल?"

प्लाझ्माही फसतो. २००७-०८ मध्ये तो जगभर फसला होता. चीनमधून आलेल्या हेपॅरिनमध्ये अतिसल्फेटयुक्त कॉन्ड्रॉइटिन मिसळलेलं होतं. स्वस्त कॉन्ड्रॉइटिनवर रासायनिक क्रियेने जादा सल्फेट चढवलेलं. ते स्वतःही गोठणं लांबवत असल्यामुळे त्या वेळच्या गोठण-चाचण्यांतून माल बिनधोक सुटत राहिला, आणि अमेरिकेत रुग्णांना तीव्र प्रतिक्रिया येऊन मृत्यू झाल्यावर एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना ओळखणारं तंत्र) आणि केशिका-इलेक्ट्रोफोरेसिस (बारीक नळीत विजेच्या दाबाने रेणू वेगळे करणारं तंत्र) यांनी भेसळ उघडी पडली. गोठण-चाचणी 'वेळ लांबला' एवढंच सांगते. कुणी लांबवला ते सांगत नाही.

मी विद्यार्थिनीला पुन्हा त्याच पॅथॉलॉजी लॅबमध्ये पाठवलं, या वेळी दोन प्रश्न घेऊन. पहिला: प्रोटामाइन घातल्यावर वेळ पूर्ववत होतो का? प्रोटामाइन हे धनभारित छोटं प्रथिन. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर शरीरातलं हेपॅरिन निष्प्रभ करायला तेच देतात. मात्र बेताने घालायचं, जास्त झालं तर प्रोटामाइन स्वतःच गोठणं लांबवतं. दुसरा प्रश्न: कॅल्शियम क्लोराइड थोडं जास्त घातलं तर काय होतं?

दुसरा प्रश्न ऐकताच तिथल्या डॉक्टर बाईंनी वर पाहिलं. "तुझ्या बफरमध्ये ईडीटीए होतं का गं?"

"हो. पपेनच्या."

"अगं मग हे जांभळ्या झाकणाच्या बल्बमधल्या रक्तावर एपीटीटी केल्यासारखंच झालं. आमच्याकडे असा नमुना आला तर आम्ही परत पाठवतो."

बल्ब म्हणजे रक्त घ्यायची नळी, आणि जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीएच असतं. एपीटीटी ही गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी सायट्रेटच्या, म्हणजे निळ्या झाकणाच्या बल्बमधल्या प्लाझ्मावर करतात. तिच्यात शेवटी मोजून कॅल्शियम घालतात आणि तिथून घड्याळ सुरू होतं. ईडीटीए कॅल्शियमला धरून ठेवतं. मोजून घातलेल्या कॅल्शियमपैकी काही ईडीटीएने गिळलं तर घड्याळ लांबणारच. प्रोटामाइनने वेळेत फरक पडला नाही. कॅल्शियम वाढवल्यावर वेळ खाली आला.

पण बफरमधलं ईडीटीए पावडरीत शिरलं कसं? ते पाण्यात विरघळतं आणि अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. मूळ बफरमधलं प्रमाण, ५ मिलिमोलार, तसं कमीच. पण द्रावण वॉटरबाथवर आटवून थोडंसं केलं तेव्हा त्याच मापात ते घट्ट झालं आणि अल्कोहोल पडताच साक्याबरोबर खाली आलं. डायलिसिस झालं असतं तर तो इवलासा रेणू नळीतून निघून गेला असता.

खात्रीसाठी एक प्रयोग तिसऱ्यांवाचून केला. तेच बफर, तेच पपेन, तितकाच वेळ, तितकंच आटवणं, तितकंच अल्कोहोल. मांस नाही. तळाशी साका बसला! थोडा, पण बसला, आणि त्यानेही प्लाझ्माचा वेळ लांबवला. त्या साक्यात आयोडीनने फिकट तांबूस छटा आली, कारण खाद्यउद्योगासाठी विकलं जाणारं पपेन बऱ्याचदा माल्टोडेक्स्ट्रिन मिसळून सारखं केलेलं असतं आणि डब्यावर ते बारीक अक्षरात असतं. पॉलिसॅकराइड शोधायला निघालेल्या माणसाने स्वतःच पॉलिसॅकराइड ओतायचं, असा प्रकार. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त सांगणारा प्रयोग हा होता, आणि एमएस्सीच्या प्रकल्पांत सर्वांत कमी केला जाणाराही हाच. कारण त्यातून प्रबंधाला 'निष्कर्ष' मिळत नाही, असा समज.

साफसफाई

विद्यार्थिनी दोन दिवस लॅबकडे फिरकली नाही. सरांनी विषय बदलायचं सुचवलं. पण पीएच १.५ ला जो थोडा जांभळा रंग उरला होता त्याचा पत्ता लागायचा बाकी होता, आणि सुकी पूड अजून बरीच शिल्लक होती.

ग्लायकोजेन घालवायला ग्लुकोअमायलेज वापरलं. अंबडच्या एका व्यापाऱ्याकडून मिळालं. तो ते धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना पुरवतो. लाळेतलं अमायलेज फुकटचं आहे, पण ते ग्लायकोजेनच्या फांद्यांच्या सांध्याशी अडतं आणि मागे ठोंबे उरतात. ग्लुकोअमायलेज सांधेही फोडतं, हळूहळू, आणि शेवटी नुसतं ग्लुकोज उरतं. कारखान्याच्या दर्जाचं एन्झाइम साखरेने माखलेलं असतं, म्हणून ते आधी डायलिसिस करून घेतलं. नळ्या तोवर आल्या होत्या. क्रिया कुठवर आली हे मोजायला महागडं काही लागलं नाही. रक्तातली साखर तपासायचं जीओडी-पीओडी किट कुठल्याही पॅथॉलॉजी पुरवठादाराकडे मिळतं. ग्लुकोजचा आकडा चढायचा थांबला की ग्लायकोजेन संपलं.

आरएनए सौम्य कॉस्टिक सोड्यात रात्रभर ठेवून तोडलं. डीएनए त्याला दाद देत नाही, त्यासाठी डीएनए तोडणारं एन्झाइम, डीएनएझ. मग पुन्हा पपेन, या वेळी शुद्ध दर्जाचं, कारण आता घातलेली एन्झाइम्सही प्रथिनंच.

पुढचं पाऊल सीटाइलपिरिडिनियम क्लोराइडचं, म्हणजे सीपीसी. माउथवॉशमध्ये असतं तेच. हा धनभारित साबण ऋणभारित साखळ्यांना चिकटून त्यांना खाली बसवतो आणि बिनभाराची ग्लायकोजेनसारखी साखर वर द्रावणात राहते. हे आधीच का केलं नाही, असा प्रश्न येईल. ग्लायकोजेन इतकं दाट असताना साक्यात अडकून खाली येतं, आणि न्यूक्लिक आम्लं तर सीपीसीला गॅगइतकीच प्रिय. आधी गर्दी हटवावी, मग गाळणी लावावी. सीपीसीचा साका तीव्र मिठाच्या पाण्यात सोडवून अल्कोहोलने परत खाली बसवला. शेवटी डायलिसिस, आधी मिठाच्या पाण्याविरुद्ध, मग शुद्ध पाण्याविरुद्ध. नळी ३.५ किलोडाल्टनची, म्हणजे साधारण त्याहून छोटेच रेणू बाहेर सोडणारी, घेतली. नेहमीच्या १२-१४ च्या नळीतून हेपॅरिनच्या छोट्या साखळ्या निसटण्याची भीती असते.

दीड ग्रॅमच्या जागी आता ३० मिलिग्रॅमच्या आसपास उरलं. रंग पांढराशुभ्र नाही, किंचित पिवळट. द्रावण नितळ.

उरलेल्या तीस मिलिग्रॅमचं काय

कार्बाझोलचा पट्टा काढला: ५३० ला नीट शिखर. २६० ला काही नाही. बेरियम क्लोराइड-जिलेटिनने सल्फेट मोजलं आणि युरोनिकच्या रेणुसंख्येशी ताडलं तेव्हा एकास एकपेक्षा जास्त भरलं, म्हणजे द्रव्य सल्फेटयुक्त आहे यात शंका उरली नाही.

अॅगॅरोज जेलवर, डायअमिनोप्रोपेनच्या बफरमध्ये, विजेच्या दाबाने नमुना चालवला. या बफरची खुबी अशी की डायअमिन गॅगच्या साखळीला धरतं आणि ज्याची घडण जशी तशी पकड. कॉन्ड्रॉइटिन पुढे पळतं, हेपॅरिन मागे रेंगाळतं. सीपीसीने पट्टे जागीच पक्के करून टोल्यूडिन ब्लूने रंगवले तेव्हा दोन पट्टे आले. एक मागे, हेपॅरिनच्या स्टँडर्डजवळ. दुसरा पुढे. मग नमुन्याचा एक वाटा पीएच १.५ ला नायट्रस आम्लाने हाताळला. नायट्रस आम्ल अमिनो-साखरेच्या नत्रावर सल्फेट असेल तिथेच साखळी कापतं. हेपॅरिन आणि हेपॅरान सल्फेट सापडतात, कॉन्ड्रॉइटिन आणि डर्माटन सुटतात. मागचा पट्टा नाहीसा झाला, पुढचा जागच्या जागी राहिला. पुढचा कॉन्ड्रॉइटिन की डर्माटन हे ठरवायला कॉन्ड्रॉइटिनेझ एन्झाइम्स लागतात. त्यांची किंमत ऐकून सरांनी 'पुढील काम' या सदरात एक ओळ वाढवली.

प्लाझ्मा पुन्हा त्याच डॉक्टर बाईंकडे. आधीच्या मानाने फारच थोडी मात्रा घातली. वेळ लांबला. कॅल्शियम वाढवून फरक पडला नाही, प्रोटामाइनने पूर्ववत झाला. आधी लागलेल्या निकालाच्या बरोबर उलट.

तेव्हा मूळ प्रबंधातलं 'तिसऱ्यांत हेपॅरिनसारखं द्रव्य आहे' हे वाक्य चुकीचं नव्हतंच. त्याखाली जोडलेला पुरावा मात्र त्या वाक्याचा नव्हता, आणि प्रमाण पन्नासपट फुगलेलं होतं. तो दीड ग्रॅमचा आकडा छापला गेला असता तर कुणीतरी त्याच्या भरवशावर कोकणात तिसऱ्यांच्या शेतीचं आर्थिक गणित मांडलं असतं. असं होत नाही असं समजू नका.

एनएमआरसाठी नमुना पुण्याला पाठवला. पाठवण्याआधी ग्लुकोजचा उरलासुरला मागमूस पुन्हा तपासला, कारण ग्लायकोजेनमधल्या ग्लुकोजच्या पहिल्या कार्बनवरचा हायड्रोजन एनएमआरच्या पट्टीवर ५.४ पीपीएमला दिसतो आणि हेपॅरिनमधल्या सल्फेटयुक्त ग्लुकोसअमिनचाही जवळपास तिथेच. म्हणजे थोडं जरी ग्लायकोजेन राहिलं असतं तर तिथेही त्याने हेपॅरिनच्या खुर्चीवर बसून दाखवलं असतं. २.०४ च्या आसपासची अॅसिटाइलची खूण ग्लायकोजेनला आणता येत नाही. पण ती सगळ्याच गॅगना थोड्याफार फरकाने असते, म्हणून तिच्या एकटीवर विसंबायचं नाही. एका मितीच्या स्पेक्ट्रमबरोबर कार्बन-हायड्रोजन जोड्या दाखवणारा दोन मितींचाही मागितला. बिनतिसऱ्यांच्या प्रयोगातून सगळ्या पायऱ्यांमधून गेलेली रिकामी नळीही सोबत दिली.

प्रबंधाचं शीर्षक बदललं. 'हेपॅरिन' जाऊन 'नायट्रस आम्लाने तुटणारं सल्फेटयुक्त पॉलिसॅकराइड' आलं. लांबलचक आणि रुक्ष, पण त्यातला प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या नळीत दाखवता येतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शिंपा हातात घेऊन पाहिल्या आणि त्यांत दोन जाती मिसळलेल्या आहेत असं सांगितलं, म्हणून पुढच्या खेपेला माल जातवार वेगळा करून, पावसाळ्याआधी एकदा आणि थंडीत एकदा, असा घ्यायचं ठरलं आहे.